परक्याची ठेव : मेनफ्रेमवरील कामाविषयी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त अंबरनाथ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत धर्म, आरोग्य आणि समाजकार्य या विषयांच्या पंक्तीत 'मेनफ्रेम' हा शब्द पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. विश्वस्तांची इच्छा अशी की, अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर येथील आपल्या घरांतून कितीतरी मुले-मुली रोज लोकलने ऐरोलीला, अंधेरीला, पवईला जातात. घरच्यांना 'कॉम्प्युटरमध्ये आहे' यापलीकडे काही ठाऊक नसते. विवाहाच्या परिचयपत्रातही 'सॉफ्टवेअर' एवढा एकच शब्द असतो. तेव्हा त्यांच्यातील निदान एका गटाचे काम काय असते, हे एकदा मराठीत, सर्वांना कळेल असे सांगावे. या क्षेत्रात मी बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून ही जबाबदारी माझ्याकडे आली.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. मेनफ्रेम म्हणजे महासंगणक नव्हे. महासंगणक हवामानाचा अंदाज किंवा अणुसंशोधन अशा अवाढव्य गणितांसाठी असतो. तेथे प्रश्न थोडे आणि प्रत्येक प्रश्न डोंगराएवढा. मेनफ्रेमपुढे येणारे गणित चौथीतील मुलालाही जमेल असे असते. या खात्यातून पाचशे वजा, त्या खात्यात पाचशे जमा. परंतु अशा नोंदी दिवसाला लाखोंनी, मोठ्या संस्थेत कोटींनी येतात आणि त्यांतील एकही हरवून चालत नाही, एकही दोनदा पडून चालत नाही. आपण व्यापारी घरांतील माणसे आहोत, म्हणून असे म्हणतो की ती एक प्रचंड पेढी आहे. रोजमेळ, खतावणी, ताळेबंद सर्व तिच्या पोटात. जगातील मोठ्या बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या यांची मूळ वही पुष्कळ ठिकाणी आजही अशाच यंत्रात असते. आपल्या हातातील मोबाईलवर दिसते ती त्या वहीची एक खिडकी.

या घराण्याचा आरंभ साधारणपणे ७ एप्रिल १९६४ पासून धरतात. त्या दिवशी आयबीएम कंपनीने 'सिस्टिम ३६०' ही यंत्रमालिका जाहीर केली. तोवर यंत्र बदलले की प्रोग्राम नव्याने लिहावे लागत. या मालिकेत लहान यंत्रावर लिहिलेला प्रोग्राम मोठ्या यंत्रावरही चालेल, अशी हमी होती. पुढच्या पिढ्यांनी ती हमी बव्हंशी पाळली. २०२५ साली आलेले 'झेड १७' हे यंत्रही त्याच वंशातील. भाषा कोबॉल. १९५९ साली अमेरिकेत सरकारी खाती आणि यंत्रनिर्मात्या कंपन्या यांच्या समितीने ती ठरवली. ग्रेस हॉपर या विदुषीने आधी रचलेल्या भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. हिशेबनीसालाही वाचता यावी अशी ही भाषा, जवळजवळ सरळ इंग्रजी वाक्यांची. आजच्या मुलांना ती पाल्हाळिक वाटते. मला ती सभ्य वाटते.

हे काम आपल्या भागात कसे आले, हेही थोडक्यात सांगायला हवे. साठच्या दशकात मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था, आयुर्विमा महामंडळ, रेल्वे अशा मोजक्या ठिकाणी मोठे संगणक आले. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानुसार विदेशी कंपन्यांनी आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावा, असा आग्रह सरकारने धरला. आयबीएमने तो मान्य केला नाही आणि १९७८ साली ती भारतातून निघून गेली. तिची येथे राहिलेली यंत्रे सांभाळण्याचे काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आले. त्याआधीच, १९७४ मध्ये, फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली टाटा कन्सल्टन्सीने बरोज कंपनीचे यंत्र आणले होते आणि परदेशासाठी प्रोग्राम लिहून त्याची निर्यात सुरू केली होती. यंत्र परदेशात, काम करणारा माणूस येथे, ही घडी त्या सुमारास बसू लागली.

या घडीतील एक नाव आपल्या परिचयाचे आहे. पाटणी हे आडनाव आपल्यापैकी कोणाला परके नाही. नरेंद्र पाटणी अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकत होते. अमेरिकेतील कागदपत्रे भारतात पाठवून यंत्रासाठी टंकित करून घेता येतील काय, हा विचार त्यांच्या मनात आला. केंब्रिज येथील आपल्या राहत्या घरात त्यांनी आणि पत्नी पूनम यांनी प्रयोग केला. एका खोलीला 'अमेरिका' म्हटले, दुसरीला 'भारत'. दोन खोल्यांमध्ये बोलायचे नाही. जे सांगायचे ते लेखी सूचनेनेच. लेखी सूचनेवर काम बिनचूक होते की नाही हे असे पारखून मग त्यांनी पुण्यात काम उभे केले. १९७८ साली पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स ही कंपनी निघाली. तिच्यातून बाहेर पडून नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली पुण्यात इन्फोसिसचा आरंभ केला. पाटणी कंपनी २०११ मध्ये आयगेटकडे आणि आयगेट २०१५ मध्ये कॅपजेमिनीकडे गेली, त्यामुळे आता ते नाव पाटीवर दिसत नाही. मला मात्र त्या दोन खोल्यांचे कौतुक वाटते. समोर नसलेल्या माणसाला समजेल असे लिहून ठेवणे, हा आमच्या कामाचा अर्धा भाग आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. तो पैशाचा आहे, म्हणून थोडा वेळ घेणार आहे.

साध्या संगणकात अपूर्णांक साठवण्याची जी नेहमीची रीत आहे, तीत दहा पैसे, म्हणजे ०.१०, ही संख्या नेमकी मावत नाही. जसे दहाच्या पद्धतीत एक तृतीयांश लिहू लागलो तर ३ चा आकडा संपतच नाही, तसेच दोनच्या पद्धतीत एक दशांशाचे होते. कोठेतरी तोडावे लागते. अशा रीतीने ०.१ दहा वेळा मिळवले तर उत्तर पूर्ण १ न येता त्याच्या किंचित अलीकडे राहते. शास्त्रज्ञाला हा फरक चालतो. पेढीला चालत नाही. मेनफ्रेमवर म्हणून पैसा निराळ्या तऱ्हेने ठेवतात. प्रत्येक दशांश अंक जसाच्या तसा, एका बाइटमध्ये दोन अंक, आणि शेवटच्या अर्ध्या घरात चिन्ह. ३५० रुपये ०० पैसे ही रक्कम तीन बाइटांत मावते : ३५, ००, ०सी. हा 'सी' म्हणजे रक्कम धन. ऋण असेल तर तेथे 'डी' येतो. सोळाच्या मोजणीत दहापासून पंधरापर्यंतच्या अंकांना ए ते एफ ही अक्षरे देतात, त्यांतील ही दोन. नवशिक्यांना आम्ही सांगत असू की सी म्हणजे क्रेडिट, डी म्हणजे डेबिट. ही केवळ लक्षात ठेवण्याची युक्ती आहे, परंतु जमा-नावे ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या मुलांना ती एका दिवसात पाठ होते.

यातील एक गोष्ट लक्ष देण्यासारखी आहे. ३५०.०० मधील दशांशचिन्ह त्या तीन बाइटांत कोठेच नाही. ते कोठे आहे असे मानायचे, हे 'कॉपीबुक' नावाच्या वर्णनात लिहिलेले असते. ते वर्णन हरवले तर समोरची रक्कम साडेतीनशे रुपये आहे, पस्तीस रुपये आहे की पस्तीस हजार, हे यंत्राला सांगता येणार नाही. अंक सुखरूप राहतील, अर्थ जाईल. आणि रकमेच्या जागी चुकून कोरी जागा किंवा अक्षर आले, तर यंत्र अंदाज करत बसत नाही. काम थांबवते आणि एक क्रमांक दाखवते. आमच्या बोलीत त्याला 'सॉक सेव्हन' म्हणतात. रात्री फोन वाजला आणि पलीकडून हे दोन शब्द ऐकू आले की झोप उडते.

आता व्याजाचे उदाहरण घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावर रोजच्या शिलकेवर व्याज मोजले जाऊ लागले. त्या वेळी दर होता शेकडा साडेतीन. समजा खात्यात वर्षभर दहा हजार रुपये तसेच पडून आहेत. एका दिवसाचे व्याज ०.९५८९०४ रुपये, पुढेही आकडे आहेत. प्रोग्राम लिहिणाऱ्याने व्याजासाठी पैशांची दोनच घरे ठेवली, तर कोबॉल उरलेले आकडे निमूटपणे टाकून देते. 'राउंडेड' हा शब्द मुद्दाम लिहिला नाही तर ती पूर्णांकित करत नाही, छाटते. मग रोजचे व्याज ९५ पैसे आणि वर्षाचे ३४६ रुपये ७५ पैसे. 'राउंडेड' लिहिले तर रोजचे ९६ पैसे आणि वर्षाचे ३५० रुपये ४० पैसे. खरे व्याज ३५० रुपये. योग्य रीत अशी की रोजचे व्याज सहा घरांपर्यंत जपावे आणि खात्यात जमा करतानाच पैशांत आणावे. मग ते ३५० रुपयेच येते.

पहिल्या रीतीत खातेदाराचे सव्वातीन रुपये गेले. त्याला कळणार नाही, कारण कोणताही खातेदार हे गणित मांडून पाहत नाही. असे एक लाख खातेदार असतील तर सव्वातीन लाख रुपये झाले. चोरी कोणी केली नाही. कोणाच्या खिशात हात घातला नाही. एक शब्द लिहायचा की नाही, घरे दोन ठेवायची की सहा, एवढाच प्रश्न होता.

तत्त्वार्थसूत्र आपल्या दोन्ही परंपरांना मान्य आहे. त्यात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये न्यासापहार सांगितला आहे. सर्वार्थसिद्धीत पूज्यपाद आचार्यांनी त्याचा जो अर्थ दिला आहे, तो मी प्रथम वाचला तेव्हा थक्क झालो. कोणी आपल्याकडे द्रव्य ठेव म्हणून ठेवले, पुढे तो त्याची संख्या विसरला आणि कमी मागू लागला. तेव्हा 'होय, एवढेच होते' असे म्हणणे म्हणजे न्यासापहार. लक्षात घ्या, हा दोष अचौर्यव्रताखाली नसून सत्यव्रताखाली ठेवला आहे. घेणारा स्वतःच कमी मागतो आहे. आपण केवळ 'होय' म्हणतो. छापील पासबुक किंवा मोबाईलवरील शिलकेचा आकडा हे असेच एक 'होय' असते आणि ते कोणीतरी प्रोग्राममध्ये लिहिलेले असते. हे सूत्र शिकवताना पाठशाळेत मुनीम-सावकाराचे उदाहरण देतात. त्याबरोबर दोन घरांचे आणि सहा घरांचे हे उदाहरणही द्यावे, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे.

यानंतर रात्रीच्या कामाविषयी. दिवसाचे व्यवहार बंद झाले की मेनफ्रेमवर दुसरी पाळी सुरू होते. दिवसभराच्या नोंदी क्रमाने लावणे, खात्यांवर चढवणे, व्याज काढणे, हप्ते वळते करणे, दुसऱ्या बँकांशी मेळ घालणे, अशी हजारो कामे एकामागून एक चालतात. प्रत्येक काम आधीच्यावर अवलंबून. पहाटे शाखा उघडण्यापूर्वी सर्व आटोपले पाहिजे. हे न आटोपल्यास काय होते ते जून २०१२ मध्ये ब्रिटनने पाहिले. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात या कामांचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली, ती मागे घेताना बिघाड झाला आणि रात्रीच्या कामांची साखळी तुटली. एका रात्रीचे काम दुसऱ्या रात्रीवर, दुसऱ्याचे तिसऱ्यावर चढत गेले. ब्रिटनमधील किमान ६५ लाख ग्राहकांना त्याची झळ लागली. पगार जमा झाले नाहीत, घरांचे हप्ते अडले. उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर बँकेच्या ग्राहकांचे हाल तर जुलैपर्यंत चालले. २०१४ च्या नोव्हेंबरात नियामकांनी ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. एकही पैसा नाहीसा झाला नव्हता. नोंद वेळेवर पडली नव्हती, एवढेच.

या पाळ्यांचा आपल्या घरांशी संबंध असा. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, सूर्यास्त होऊन तास उलटलेला असतो. लंडनची मध्यरात्र म्हणजे उन्हाळ्यात आपले पहाटेचे साडेचार. ज्याला चौविहार पाळायचा आहे त्याची दिनचर्या या घड्याळांत कशी बसायची? बसते, हे मी अनेकांच्या उदाहरणावरून सांगू शकतो. संध्याकाळी साडेपाचला डबा उघडणारी मंडळी मी पाहिली आहेत. कँटीनवाला नावावरून नव्हे, डब्याच्या वेळेवरून जैन कोण ते ओळखत असे. नंतर मध्यरात्रीपर्यंत काम, आणि शेवटची कर्जत लोकल गाठण्यासाठी धाव. २००४ साली ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला आणि अंबरनाथकरांना ठाण्याला गाडी बदलून ऐरोली जवळ झाली, हा या भागातील कुटुंबांवर झालेला मोठा उपकार म्हटला पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, उल्हास आणि वालधुनीचे पाणी वस्तीत शिरले, तेव्हा कार्यालयात अडकलेल्यांनी तेथूनच परदेशातील रात्रीची कामे पार पाडली. घर पाण्यात आणि डोळे पडद्यावर. २०२० च्या टाळेबंदीत तेच काम घराघरांतील जेवणाच्या टेबलावर आले, तेव्हा कोठे पुष्कळ आई-वडिलांना कळले की आपला मुलगा रात्री नेमके काय करतो.

यात खर्ची काय पडते, तेही सांगितले पाहिजे. पर्युषणात सुटी मिळतेच असे नाही. संवत्सरी आणि महिनाअखेर एका दिवशी आली की कोणीतरी सहकारी पाळी बदलून देतो, तेव्हा प्रतिक्रमण होते. या बाबतीत अन्य समाजांतील मित्रांचे ऋण आपल्यावर आहे; त्यांच्या गणपती-दिवाळीला आपल्या मुलांनी ते फेडावे.

आमच्या कामाचा मोठा भाग नवे लिहिण्याचा नसून जुने वाचण्याचा असतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेला प्रोग्राम पुढे येतो. लिहिणारा निवृत्त झालेला, कदाचित हयातही नसलेला. वर दोन आद्याक्षरे आणि तारीख. त्यात बदल करताना जी सावधगिरी लागते तिला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे : यतना. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून उचलावी, पाहून ठेवावी, ही आदान-निक्षेपण समिती आम्ही रोज पाळतो. नोंद उचलली की तिला कुलूप, बदल झाला की पडताळणी, मग कुलूप काढणे.

एक प्रसंग सांगतो. एका परदेशी विमा कंपनीच्या प्रोग्रामांची साफसफाई चालली होती. अनावश्यक ओळी शोधून काढणारे एक साधन वापरले जात होते. एका प्रोग्राममध्ये अट होती की विमापत्राचा क्रमांक अमुक ते तमुक यांच्या दरम्यान असल्यास बोनस निराळ्या कोष्टकाने मोजावा. का, ते कोठेच लिहिलेले नव्हते. साधनाने शेरा मारला : विशेष अपवाद, काढून टाकण्यास योग्य. आमच्या गटातील एका मुलीने ती ओळ काढण्यास नकार दिला आणि कारण विचारत राहिली. पत्रामागून पत्रे गेली. अखेर त्या कंपनीतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांना दूरध्वनी केला, तेव्हा उलगडा झाला. फार वर्षांपूर्वी या कंपनीने एक लहान कंपनी विकत घेतली होती आणि तिच्या विमेदारांना त्यांचा जुना बोनस कायम ठेवण्याचे वचन करारात दिले होते. ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत होती आणि संख्येने थोडी उरली होती. वचन देणारे सर्व गेले होते. ते वचन त्या एका ओळीत तेवढे शिल्लक होते. ओळ राहिली. तिच्यावर त्या मुलीने चार वाक्यांची टीप लिहून ठेवली. अशा कामाला बक्षीस नसते, वार्षिक मूल्यमापनाच्या कागदावर त्यासाठी रकानाही नसतो.

जुन्या ग्रंथांशी आपले नाते असेच आहे. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जपलेला षट्खंडागम धवला टीकेसह डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केला आणि १९३९ साली त्याचा पहिला खंड आपल्या महाराष्ट्रातून, अमरावतीहून, प्रसिद्ध झाला. तोवर कित्येक शतके तो टिकला, कारण कोणीतरी अक्षरे जशीच्या तशी उतरवली. श्रुतपंचमी किंवा ज्ञानपंचमीला आपण पोथ्या बाहेर काढतो, पुसतो, वेष्टन बदलतो. परंतु वेष्टन बदलणारा आणि ग्रंथ लावणारा यांत अंतर आहे, आणि आमच्या क्षेत्रात ग्रंथ लावणारे कमी होत आहेत.

येथे पालकांच्या नेहमीच्या प्रश्नाला यावे लागते. हे सगळे जुने झाले ना? मग आमच्या मुलाने यात का जावे? याला मी एका शब्दात उत्तर देत नाही. एप्रिल २०२० मध्ये, महामारीत बेकारभत्त्याचे अर्ज एकदम वाढले तेव्हा, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबॉल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन केले होते. म्हणजे गरज आहे. दुसरीकडे, एखाद्या संस्थेने आपले काम नव्या यंत्रणेवर नेले की पंचेचाळीस वर्षांचा अनुभवी माणूस एका पत्राने घरी बसतो, हेही मी पाहिले आहे. त्या घरांत जाऊन आलो आहे. आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. आयबीएमनेच २०२३ साली जुने कोबॉल वाचून नव्या भाषेत उतरवणारे साधन जाहीर केले. ती साधने चांगली आहेत, मी वापरून पाहिली आहेत. प्रोग्राम काय करतो ते ती झटकन सांगतात. तो तसे का करतो, हे कागदावर नसेल तर त्यांनाही ठाऊक नसते. म्हणून केवळ भाषा शिकून या कामात येऊ नये, असे माझे मत आहे. विमा, कर्ज, व्याज, कर यांतील एखादा व्यवहार मुळापासून शिकावा आणि त्याच्या जोडीला कोबॉल. नुसती भाषा येणाऱ्याची जागा यंत्र घेईल. व्यवहार जाणणाऱ्याला ते हाताशी घेऊन काम करता येईल. आपल्या मुलांना व्यवहाराचे बाळकडू घरातच मिळते आणि ते या कामाला उपयोगी पडते, हे मी कौतुकाने नव्हे, अनुभवाने म्हणतो.

शेवटी २००० सालच्या प्रश्नाविषयी, कारण या भागातील पुष्कळ घरे त्यावर उभी राहिली. जुन्या काळी एका पंच कार्डावर ऐंशीच अक्षरे मावत आणि यंत्राची स्मृती सोन्याच्या भावाने मिळे, म्हणून वर्षाचे दोनच अंक लिहीत. १९३५ ला जन्मलेला माणूस २००० साली पासष्टचा. यंत्राने ०० मधून ३५ वजा केले, चिन्ह ठेवायला घर नव्हते, तर तो ३५ वर्षांचा ठरणार आणि त्याचे निवृत्तिवेतन अडणार. १९९६ ते १९९९ या काळात हजारो भारतीय मुलांनी रात्रंदिवस बसून अशा ओळी शोधल्या. जन्मतारखांसारख्या ठिकाणी वर्ष चार अंकी केले. इतर असंख्य ठिकाणी वेळ नव्हता, तेव्हा तोड काढली : ०० ते ४९ असेल तर २००० नंतरचे वर्ष धरावे, ५० ते ९९ असेल तर १९०० नंतरचे. काहींनी ही सीमा ४९ ऐवजी १९ वर ठेवली. त्यांची मुदत २०२० च्या जानेवारीत संपली आणि काही यंत्रणा त्या दिवशी खरोखरच अडखळल्या. ४९ वाल्यांची मुदत २०५० च्या पहिल्या पहाटे संपेल. त्या दिवशी ५० हे वर्ष १९५० समजले जाईल. त्या ओळी लिहिणाऱ्यांपैकी काही आज या सभागृहात पहिल्या रांगेत बसले आहेत. त्या वेळी आम्ही नसू किंवा अंथरुणावर असू. मागच्या रांगेतील वीस-बावीस वर्षांची मुले मात्र पंचेचाळीस-पन्नाशीत असतील.

विश्वस्तांनी संमती दिली तर दर रविवारी प्रवचनानंतर दोन तास मी येथे येत जाईन. माझ्याकडे जुनी पुस्तके आहेत, काही वर्षांच्या टिपणवह्या आहेत. आणखी दोघे निवृत्त सहकारी बदलापूरहून येण्यास तयार आहेत. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी आज कार्यालयात नाव नोंदवावे. मुलींनी आवर्जून नोंदवावे.

जय जिनेंद्र.